सत्तावीस पिवळ्या रेघा

आमच्या घरात शिकलेला माणूस एकच, आणि तो मी. ही माहिती विचारल्याशिवाय द्यायची नाही असं माझं धोरण आहे. पण कुणी विचारतच नाही, म्हणून नाइलाजाने स्वतःहून द्यावी लागते. मी एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यात आहे. जुन्या फायली क्रमाने लावायच्या आणि कुणी मागितल्या की सापडत नाहीत म्हणून सांगायचं, हे माझं काम. घरात आम्ही तिघं: मी, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी. लग्न मी केलेलं नाही. मनासारखी मुलगी मिळाली नाही, असं मी सांगतो. मुलींच्या बाजूचं म्हणणं कुणी नोंदवून ठेवलेलं नाही.

दादा स्वभावाने इतका गरीब की जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि हे त्यालाही पटेल.

गोष्ट वहिनींची आहे. वहिनी सोळा वर्षं शर्टांच्या कारखान्यात बटणं तपासत होत्या. शिवलेला शर्ट टेबलावर आला की प्रत्येक बटण चिमटीत धरून तीनदा ओढायचं, आणि जे ढिलं असेल त्याच्या शेजारी खडूने एक रेघ मारायची. रेघ दिसली की तो शर्ट दुरुस्तीच्या टेबलावर जायचा. तिथे दुसरी बाई. तपासणाऱ्याने सुई हातात घ्यायची नाही, हा तिथला कडक नियम. आपणच शिवायचं आणि आपणच तपासायचं म्हटलं की सगळेच पहिल्या नंबराने पास. असा नियम आमच्या कचेरीत आला असता तर आम्ही सगळे घरी बसलो असतो.

या सोळा वर्षांत वहिनींना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे हाताची खोड. समोर येईल ते ओढून बघायचं. दाराच्या कड्या, कपाटाच्या मुठी, एकदा तर मला बघायला आलेल्या मुलीच्या वडिलांच्या कोटाचं बटण. (ते ढिलंच होतं. स्थळही पुढे गेलं नाही.) दुसरी गोष्ट म्हणजे डोळे. पांढऱ्या कापडावरची पांढरी बटणं बघून बघून त्यांचे डोळे असे झाले होते की पुस्तक उघडलं की बारीक अक्षरांच्या ओळी एकमेकींवर चढायच्या. चष्मे तीन झाले, फरक शून्य. लांबचं मात्र अगदी स्वच्छ दिसायचं.

मग कारखान्यात बटणं तपासणारं यंत्र आलं. ते प्रत्येक बटण एकदाच ओढतं, पण रजा मागत नाही. वहिनींना निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांनी ते घरी आणून आधी त्याचा खिळा ओढून पाहिला.

महिनाभर त्या घरात होत्या आणि तो महिना आमच्यावर फार वाईट गेला. घरात ढिली वस्तू उरली नाही. मग एक दिवस त्या एक फॉर्म घेऊन आल्या. छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचं शिक्षण, सहा आठवडे. त्यानंतर एका कंपनीत तीन महिने उमेदवारी, आणि काम पसंत पडलं तर कायमची नोकरी. वहिनींचं वय त्रेचाळीस.

मी घसा साफ केला. "वहिनी, त्या कामाला छपरावर चढावं लागतं."

"हो ना. खाली बसून सूर्य मिळत नाही म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

"अहो, ते जवान मुलांचं काम आहे. वीज आहे, उंची आहे. उद्या काही झालं तर?"

"बरोबर बोलतोय तो," दादा म्हणाला.

"मी फॉर्म भरलाय," वहिनी म्हणाल्या.

"बरोबर बोलतेय ती," दादा म्हणाला.

विषय संपला.

शिक्षणाचं पुस्तक चांगलं जाडजूड होतं आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं. वहिनींना ते वाचणं शक्यच नव्हतं. पण एकदा ऐकलेलं त्या विसरत नाहीत, हे मला माझ्या जुन्या आश्वासनांच्या बाबतीत चांगलं ठाऊक आहे. तेव्हा ठरलं असं की रोज संध्याकाळी मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी मोठ्या मनाने होकार दिला. मला न कळलेली गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पॅनेलमध्ये वीज कशी तयार होते हे मी इतकं रंगवून सांगितलं की दादा उठून टाळ्या वाजवणार होता. वहिनी मात्र म्हणाल्या, "हे सगळं पुस्तकात आहे का तुमचं आहे? पुस्तकातलं तेवढं सांगा."

मी वाचत असताना त्यांच्या हातात पेन्सिल असायची. एक पान झालं की उलटण्याआधी त्या कोपऱ्यात एक टिंब द्यायच्या. "लहान मुलांसारखा काय चाळा?" मी एकदा चिडवलं. उत्तर म्हणून त्यांनी टिंब दिलं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो, नाहीतर पुढे धीर होणार नाही. पुस्तकाच्या अडतिसाव्या पानावर एक धडा होता, नट-बोल्टांवर करायच्या खुणांचा. त्या संध्याकाळी टीव्हीवर सामना सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मी मथळा वाचला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "हे खुणांबद्दल आहे. बोल्ट तपासायचे आणि खुणा करायच्या. तुम्ही सोळा वर्षं दुसरं काय केलंत? तुम्हाला खुणा शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं."

"तरी वाचा की."

"वहिनी, पुढचा धडा महत्त्वाचा आहे. तो उद्या सुरुवातीपासून घेऊ." आणि मी दोन पानं एकदम उलटून पुस्तक मिटलं. सामना आम्ही हरलो.

वर्गातही तो धडा राहिलाच. त्या आठवड्यात शिक्षकांच्या मुलीचं लग्न होतं आणि ते सगळ्यांना म्हणाले, खुणांचं सोपं आहे, घरून वाचून या. एकूण काय, सोपं आहे असं म्हणणारे दोघे शिकलेले पुरुष वहिनींच्या नशिबी आले.

परीक्षा त्या पास झाल्या आणि कंपनीत रुजू झाल्या. तिथे छपरावरच्या कामाचा प्रमुख होता, त्याला सगळे उस्ताद म्हणत. साठीला टेकलेला, रुंद, कमी बोलणारा माणूस. त्याच्यावर साहेब, म्हणजे कंपनीचा पर्यवेक्षक. साहेब छपरावर कधी जात नसत. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून सगळं दिसतं असं त्यांचं मत होतं. उस्तादांनी पहिल्या दिवशी वहिनींकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाई, आधी काय करत होता?"

"बटणं तपासत होते."

"बरं," उस्ताद म्हणाले, आणि त्या दिवसापासून वहिनी 'बटणवाल्या बाई' झाल्या.

पहिले दोन महिने त्यांनी खालची कामं केली. ज्या लांब पट्ट्यांवर पॅनेल बसतात त्या मापाने कापायच्या, तारा ओढायच्या, जोडणी चालू असताना पॅनेलवर काळं कापड धरायचं. कारण सूर्य बंद करण्याचं बटण अजून निघालेलं नाही आणि पॅनेलला ऊन लागलं की ते वीज करत राहतं, खाली कुणाचा हात आहे हे बघत नाही. मग एक दिवस उस्तादांनी त्यांना पट्टा बांधला, दोर अडकवला आणि वर नेलं. संध्याकाळी गुडघे काळेनिळे करून त्या घरी आल्या. मी तयारच होतो. म्हटलं, "मग? सांगितलं होतं ना मी?"

"वरून आपलं घर दिसतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. चेहरा कधी नव्हे एवढा उजळला होता. "आपल्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं आहे. गेले सहा महिने तुम्ही बंद केलं म्हणून सांगताय."

झाकण मी दुसऱ्या दिवशी बंद केलं.

उस्तादांच्या कामाची एक पद्धत होती. कंपनीने बोल्ट आवळायला एक खास पाना दिला होता. ठरलेला जोर लागला की तो टक् असा आवाज करतो, म्हणजे कमी नाही आणि जास्त नाही. उस्तादांनी तो पेटीतून कधी बाहेर काढला नाही. ते साध्या पान्याने आवळायचे. "आवाज ऐकून ज्याला कळतं त्याने घड्याळं दुरुस्त करावी," ते म्हणत. बोल्टवर खुणा करणं त्यांना मान्यच नव्हतं. "माझा हात हीच खूण." त्यामुळे दोन महिने आणि तीन आठवडे वहिनींनी एकही खूण केलेला बोल्ट पाहिला नाही.

उमेदवारीचा शेवटचा शनिवार आला. काम एका पाळणाघराच्या उतरत्या पत्र्यावर होतं. खाली अंगण, अंगणात घसरगुंडी, वाळू, आणि सोमवार ते शुक्रवार तीस-पस्तीस पोरं. सोमवारी सकाळी वीज सुरू व्हायची आणि वहिनींना कायमचं पत्र मिळायचं. त्यात कंपनीचा नवा हुकूम: यापुढे प्रत्येक बोल्टवर पिवळी खूण हवी, खुणांचे फोटो हवेत, त्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. उस्तादांनी पिवळ्या मार्करकडे कुणीतरी त्यांना बाहुली खेळायला दिल्यासारखं पाहिलं. "रेघोट्या ओढायला मी शाळेत आहे का? बाई, तुम्ही बघा एकेक आणि करा खुणा." एवढं बोलून ते दुपारी घरी गेले. अंगात कणकण आहे म्हणाले. सामानाची पेटी वहिनींवर सोपवली.

बघा एकेक आणि करा खुणा. वहिनींना आणखी काय सांगायला हवं होतं? एकशे साठ बोल्ट. त्या एकेकापाशी गुडघ्यावर बसल्या, साध्या पान्याने हलकेच ढकलून पाहिला, आणि जो हलला त्याच्यापासून खालच्या पट्टीपर्यंत सरळ पिवळी रेघ ओढली. हलले ते सत्तावीस. आकडा त्यांनी तळहातावर लिहून ठेवला. आवळला मात्र एकही नाही. तपासणाऱ्याने सुई हातात घ्यायची नाही. सोमवारी उस्ताद येतील, रेघा बघतील आणि आवळतील, एवढी सरळ गोष्ट.

चार वाजता साहेब आले. शिडीच्या वरच्या पायरीवरून त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, दिवसभर काय केलंत? जेमतेम पंचवीस-तीस खुणा दिसताहेत!"

"साहेब, बाकीचे चांगले आहेत," वहिनी म्हणाल्या.

"चांगले आहेत म्हणूनच म्हणतोय! द्या तो मार्कर."

आणि साहेब, आयुष्यात पहिल्यांदा, छपरावर चढले. वीस मिनिटांत त्यांनी उरलेल्या सगळ्या बोल्टांवर रेघा मारल्या, एकालाही हात न लावता. फोटो काढले, फाइल पाठवली आणि सोमवारी दहाला या म्हणून सांगून गेले.

रात्रीच्या जेवणाला अवकाश होता. आम्ही तिघे चहा घेत होतो आणि वहिनी हे सगळं सांगत होत्या. "मला काही कळेना," त्या म्हणाल्या. "चांगल्या बोल्टांवर रेघा कशाला? आता उस्तादांना ढिले कुठले ते समजणार कसं?"

"साहेबलोक असेच," मी म्हणालो. "अक्कल शिडीच्या खालीच ठेवून चढतात."

"पण पुस्तकात काय लिहिलंय?" दादाने विचारलं. उभ्या आयुष्यात हा माणूस एक प्रश्न विचारतो, आणि तोही नेमका नको तेव्हा.

मी पुस्तक आणलं. अडतिसावं पान उघडलं आणि पहिल्यांदाच ते नीट वाचलं. मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती, त्यामुळे मध्येच थांबता येईना. बोल्ट योग्य जोराने आवळल्यानंतरच त्यावर आणि खालच्या पट्टीवर मिळून एक सरळ रेघ ओढावी. रेघ म्हणजे बोल्ट घट्ट असल्याची खूण. पुढे बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

वहिनींचा कप बशीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बाहेर वारा सुटला होता आणि आमच्या खिडकीची काच वाजत होती.

"म्हणजे माझ्या रेघा उलट्या झाल्या," त्या हळू म्हणाल्या. "ढिल्यांवर मी मारल्या आणि चांगल्यांवर साहेबांनी. आता सगळे सारखेच दिसताहेत. आणि खाली घसरगुंडी आहे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पान आपण वाचलं होतं का, भाऊजी?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी सहा शब्द वापरले. "वाचलं होतं की. तुम्हीच विसरला असाल."

त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, डोळ्यांपासून दूर धरलं, मग दिव्याखाली नेलं. ओळी लागतात का बघत असतील, असं मला वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी ते मिटून ठेवलं. "असेन विसरले," त्या म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. पण लाज काय, ती दाबता येते. दप्तरखान्यात पंधरा वर्षं काढलेला माणूस काहीही दाबून ठेवू शकतो.

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज आम्हाला पलीकडूनही ऐकू येत होता. "बाई, फाइल गेली! आता कुठे उकरून काढता? चार बोल्ट सैल असले म्हणून छप्पर उडत नाही. सोमवारी तुमचं पत्र आहे. नसता घोळ घातलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. जेवा आणि झोपा."

वहिनी जेवल्या. झोपल्या का ते माहीत नाही.

रविवारी सकाळी त्या पेटी घेऊन दारात उभ्या होत्या. पायात कामाचे बूट, खांद्यावर पट्टा. "शिडी धरायला माणूस लागतो," त्या म्हणाल्या. "एकटं चढायचं नाही, असं पुस्तकात आहे. तेवढं मला आठवतंय."

दादा म्हणाला, "मी येतो." त्याला वहिनींनी पाण्याची बाटली आणि सामान दिलं. शिडी धरायला मात्र मलाच बोलावलं. त्यातलं इंगित मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पाळणाघराच्या रखवालदाराने फाटक उघडलं आणि विचारलं, "आज सुट्टीच्या दिवशी?"

"एक काम राहिलं होतं," वहिनी म्हणाल्या आणि वर गेल्या. सहा तास मी शिडी धरून उभा होतो. शिडीला माझी गरज आहे असं मला एकदाही वाटलं नाही, पण सोडायची हिंमत झाली नाही. वरून टक्, टक् आवाज येत होता. तो पाना आयुष्यात पहिल्यांदाच पेटीबाहेर पडला होता. एकशे साठपैकी कुठले सत्तावीस हे आता कुणाच्या डोळ्यांना सांगता येणार नव्हतं, म्हणून त्या परत पहिल्यापासून सगळे करत होत्या. जो बोल्ट आवाजाआधी फिरायचा, त्याच्यावरची रेघ तुटायची. वरचा तुकडा एकीकडे, खालचा एकीकडे. त्या तुटलेल्या रेघेचा फोटो घ्यायच्या, रेघ पुसून नवी ओढायच्या आणि पुढे सरकायच्या. चार वाजता वरून आवाज आला, "सत्तावीसच." बस्स, एवढंच. आवाजात जो काही आनंद होता तो मी सांगू शकत नाही.

वर बघून बघून माझी मान आखडली होती. घसरगुंडीच्या टोकाशी कुठल्यातरी पोराचा एक मोजा पडला होता. तो माझ्या अंगठ्याएवढा होता. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पहिल्यांदाच मला नीट कळलं की पान गाळणं म्हणजे काय.

तरी बोललो नाही. घरी येईपर्यंत नाही, रात्री नाही.

सोमवारी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि वहिनींबरोबर कंपनीत गेलो. माझी रजा कचेरीला कळली नाही. अजूनही कळलेली नाही. साहेब टेबलामागे उभे होते. रखवालदाराने सांगितलं असणार. उस्ताद खिडकीपाशी खुर्चीत, उजवा हात मांडीवर.

"परवानगी नाही, हुकूम नाही, सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या छपरावर!" साहेब कडाडले. "पडला असतात तर कंपनीला फासावर लटकवलं असतं!"

वहिनींनी मोबाइल टेबलावर ठेवला. एकामागून एक सत्तावीस फोटो. सत्तावीस तुटलेल्या रेघा. साहेबांनी सगळे पाहिले. सातव्या-आठव्या फोटोपाशी त्यांचा आवाज खाली आला. सोळाव्याला ते बसले.

"ढिल्या बोल्टवर खूण करायची असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. चूक माझी आहे. कारखान्याची सवय," वहिनी म्हणाल्या.

"मग मी तुमचं काम पसंत म्हणून लिहू कसं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. तेवढ्यात खुर्ची करकरली. उस्ताद उभे राहिले.

"बोल्ट मी आवळले होते," ते म्हणाले. "खांदा गेलाय माझा. सहा महिने झाले. हात वर जातो पण जोर लागत नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की घरी बसवाल. ढिले राहिले ते माझे. या बाईंनी धरले नसते तर तसेच राहिले असते." आणि ते परत बसले. इतकी वाक्यं त्यांनी वर्षभरात बोलली नसतील.

ज्याला गमवायला सगळं होतं तो माणूस बोलला, आणि मी, ज्याचं केसभर नुकसान होणार नव्हतं, मूग गिळून कॅलेंडर बघत होतो. मला स्वतःची किळस आली. तोंड आपोआप उघडलं.

"पान मी गाळलं," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी यांचा दीर."

"कंपनीत आहात?"

"नाही. घरात आहे. पुस्तक यांना मी वाचून दाखवत होतो. खुणांचं पान मी गाळलं, सामना बघायचा होता म्हणून. त्यांनी वाचा म्हटलं तरी गाळलं. आणि शनिवारी विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्या काही विसरल्या नव्हत्या."

साहेबांनी बराच वेळ विचार केला. त्यांनी स्वतः हात न लावता एकशे तेहेतीस बोल्टांवर 'घट्ट' अशी खूण केली होती, हेही त्यांच्या डोक्यात आलं असावं. निदान वहिनींच्या मोबाइलकडे ते ज्या तऱ्हेने बघत होते त्यावरून तरी. शेवटी निकाल लागला. परवानगीशिवाय चढल्याबद्दल शिस्त म्हणून वहिनींची उमेदवारी तीन महिन्यांनी वाढली, आणि कौतुक म्हणून कामही वाढलं: यापुढे उस्तादांनी फक्त दाखवायचं, आवळायचं दुसऱ्यांनी, आणि कुठल्याही छपराची फाइल बटणवाल्या बाईंनी तपासल्याशिवाय पुढे जायची नाही. साहेबांवर मात्र काही कारवाई झाली नाही. ती करणारे साहेबच होते.

परत येताना वहिनी माझ्यापुढे दोन पावलं चालत होत्या. कायमचं पत्र मिळायच्या दिवशी त्या रिकाम्या हाताने घरी चालल्या होत्या, आणि ते माझ्यामुळे. मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

"मला शनिवारीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ऐकलेल्या प्रत्येक पानावर मी टिंब देते. अडतीसवर टिंब नव्हतं."

मी रस्त्यातच थांबलो. म्हणजे दिव्याखाली त्या ओळी बघत नव्हत्या, कोपरा बघत होत्या. सहा तास शिडी मला उगीच धरायला लावली नव्हती. "मग तेव्हाच का बोलला नाहीत? काल का नाही? आज साहेबांपुढे का नाही?"

त्याही थांबल्या. माझ्या शर्टाचं वरचं बटण त्यांनी चिमटीत धरलं, सवयीने तीनदा ओढलं आणि सोडून दिलं.

"तपासणाऱ्याने सुई हातात घ्यायची नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पुढच्या आठवड्यात कंपनीने सगळ्यांना दुसरं पुस्तक दिलं, बॅटरीचं. पहिल्यापेक्षा जाड. संध्याकाळी वहिनींनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि पेन्सिलीला टोक काढून शेजारी बसल्या. टीव्हीवर सामना होता. दादाने तो बंद केला, कुणी न सांगता. मी मुखपृष्ठापासून सुरुवात केली. छापखान्याचा पत्ता वाचला, आवृत्ती कितवी ते वाचलं, ऋणनिर्देशातली सगळी नावं वाचली. वहिनींनी पान संपेपर्यंत ऐकलं आणि कोपऱ्यात एक टिंब दिलं.